बरे चालले आहे, मग रक्त कशाला तपासायचे?

इंदूरहून एका सुनेने लिहिलेल्या पत्राचा हा सारांश आहे. त्यांच्या सासूबाई ६६ वर्षांच्या असून बायपोलर आजारासाठी, म्हणजे मन कधी उन्मादाकडे तर कधी उदासीकडे झुकणाऱ्या आजारासाठी, गेली १४ वर्षे लिथियमच्या गोळ्या घेत आहेत. त्याआधी त्यांना दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले होते, लिथियम सुरू झाल्यापासून मात्र एकदाही नाही. त्या भजनी मंडळात जातात, दिवाळीचा फराळ स्वतः करतात, नातवाचे पाढे घेतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे शेवटचे जाणे चार वर्षांपूर्वी झाले आणि तेव्हा रक्तातले लिथियम 'नॉर्मल' आले होते. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या. रोज रात्री दहाला, मालिका संपली की, त्या गोळ्या घेतात. मार्चमध्ये फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितले, तेव्हापासून त्यांच्या ताटातली शेव, पापड आणि लोणचे बंद झाले. गुडघे दुखले की त्या मेडिकलमधूनच एखादी गोळी मागवतात. गेल्या दोन महिन्यांत हाताची थरथर वाढून चहा बशीत सांडू लागला आहे, तहान फार लागते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते आणि मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात जाताना त्यांनी भिंत धरली. पत्रलेखिकेचे यजमान याला वयोमान म्हणतात. तपासायला नेले तर डॉक्टर मूत्रपिंडाचे कारण काढून औषध बंद करतील आणि 'ते दिवस' परत येतील, अशी त्यांना धास्ती आहे. दीर म्हणतात की मूत्रपिंड बिघडवणारे औषध आजच सोडावे. सूनबाईंचा प्रश्न असा आहे: सासूबाई स्वतः तक्रार करत नसताना मी आग्रह धरू की गप्प बसू? शिवाय आषाढी एकादशीपासून त्या चातुर्मासासाठी चहा सोडणार आहेत, ते चालेल का?

तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला चार ओळी वेगळ्या पाठवल्या, कारण सदराची तारीख येईपर्यंत त्या थांबवणे योग्य नव्हते. तुमच्यासारख्याच घरांतून हे सदर वाचले जाते, म्हणून त्या इथे पुन्हा देते. लिथियम घेणाऱ्या माणसाची थरथर वाढली, पावलांचा तोल जाऊ लागला आणि त्याच सुमारास एखादे नवे औषध सुरू झालेले असले, तर लिथियम शरीरात साचू लागले आहे असे समजून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे आणि रक्त तपासावे. उलट्या-जुलाब, जीभ जड होऊन शब्द अडखळणे, हातापायांना जाडसर झटके, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे आणि दारातच सांगावे की यांना लिथियम चालू आहे. हे वाक्य सांगायचे राहिले तर तिथले डॉक्टर आधी पक्षाघात शोधतील, मग साखर बघतील आणि त्यात मोलाचे तास जातील.

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाने २२ वर्षे लिथियम घेतले आणि त्यातली बहुतेक वर्षे त्याची फाइल माझ्या पिशवीत होती. त्यामुळे गोळी किती मिलिग्रॅमची असावी हे मी सांगणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचे आणि घरात काय पाहायचे, याविषयी मात्र बोलू शकते.

तुमचे यजमान आणि दीर एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे तुम्हाला वाटते, पण मला ते एकाच समजुतीवर उभे असलेले दिसतात. तपासणीचा शेवट औषध बंद होण्यात होतो, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. त्या शेवटाची एकाला भीती वाटते आणि दुसऱ्याला तो हवा आहे, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्षात लिथियम वर्षानुवर्षे घेता येते ते तपासणी आहे म्हणूनच. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवला, पण त्यांचा पहिला रुग्ण, जो औषधाने बरा होऊन घरी गेला होता, तो पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्याच १९४९ साली अमेरिकेत, ज्यांना मीठ वर्ज्य होते अशा हृदयरोग्यांसाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते, आणि त्याने काही जणांचे प्राण गेल्यावर ते बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे पन्नासच्या दशकात रक्तातले लिथियम मोजण्याची पद्धत रुळली, तेव्हा कुठे हे औषध डॉक्टरांना विश्वासाने देता येऊ लागले. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे कमी आहेत. बहुतेकांना रक्तात लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल एवढे लिथियम पुरते, वय झालेल्यांना कित्येकदा त्याहून कमी ठेवतात, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे सहसा दिसू लागतात. वृद्धांमध्ये तर ती त्याच्या आधीही दिसतात. म्हणून रिपोर्टवरचा आकडा मर्यादेत असला आणि समोरचे माणूस मात्र भिंत धरून चालत असले, तर आकड्यापेक्षा माणसावर विश्वास ठेवावा.

यजमानांना एवढे अवश्य सांगा की ज्याची त्यांना भीती वाटते ते न तपासल्यानेच घडण्याची शक्यता अधिक आहे. वेळेवर तपासले तर डॉक्टरांच्या हातात डोस थोडा कमी करणे, रक्तदाबाचे औषध बदलून घेणे, थायरॉइडची गोळी जोडणे असे अनेक उपाय असतात. न तपासता विषबाधेपर्यंत गोष्ट गेली, तर लिथियम त्या रात्री एका झटक्यात बंद करावे लागते, प्रसंगी डायलिसिसही करावे लागते. एकदम बंद केल्याने उन्माद उलटून येण्याचा धोका वाढतो, हे दिरांनाही कळायला हवे. थांबवायचेच ठरले तर ते निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने, पायरीपायरीने आणि तज्ज्ञांच्या नजरेखाली कमी करत नेतात. दिरांची मूत्रपिंडाविषयीची काळजी खोटी नाही. बरीच वर्षे लिथियम घेणाऱ्या काही जणांचे मूत्रपिंड हळूहळू मंदावते. मात्र ते मंदावले आहे की नाही हे चार वर्षांत कोणीच पाहिलेले नसताना औषध सोडा म्हणणे आणि चालू ठेवा म्हणणे, दोन्ही अंदाजच आहेत. चौदा वर्षे ज्याने त्यांना सावरले, त्या औषधाचा निकाल अंदाजाने लागू नये.

आता मार्चमध्ये काय झाले ते पाहू, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे आणि तुम्ही तो जाता जाता लिहिला आहे. लिथियम शरीराबाहेर पडते ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडातून, आणि तिथे त्याला सोडियमसारखीच, म्हणजे मिठासारखीच, वागणूक मिळते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडू लागले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते. इंदूरच्या घरात सकाळच्या पोह्यांवरची शेव, जेवणातला पापड आणि लोणच्याची फोड एकाच दिवशी बंद होणे म्हणजे मिठाचा केवढा भाग एकदम कमी होणे, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात भर म्हणून रक्तदाबाची गोळी आली. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीची औषधे लिथियमची पातळी वाढवतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांसारखी लघवी वाढवणारी औषधे तर त्याहून अधिक वाढवतात, आणि ती पुष्कळदा रक्तदाबाच्या गोळीतच मिसळलेली असतात. गोळीच्या नावापुढे 'एच' असे एखादे अक्षर जोडलेले दिसले तर पाकिटावरचा बारीक मजकूर वाचून पाहा. त्यानंतर एप्रिल-मे आला, चाळिशीपार गेलेला पारा आला, घाम आला. गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा असेक्लोफेनॅक असेल तर तीही याच दिशेला ढकलते. इथे एक फसगत नेहमी होते: असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत मिळतात, घरात तिला 'पॅरासिटामॉलच आहे' म्हटले जाते आणि दुसरे नाव वाचलेच जात नाही. नुसते पॅरासिटामॉल लिथियमच्या आड येत नाही.

या चार गोष्टींपैकी एकेकटी कदाचित निभावली असती. चारही एका उन्हाळ्यात एकत्र आल्या आणि पाचवी गोष्ट, म्हणजे रक्ताची तपासणी, कुणाच्याच मनात आली नाही. फॅमिली डॉक्टरांना लिथियमविषयी कुणी सांगितले होते का, हे तुमच्या पत्रात नाही. मनाच्या आजाराचे औषध आपण एका डॉक्टरकडे उघड करतो आणि दुसऱ्याकडे झाकतो. संकोच मी समजू शकते, पण लिथियमच्या बाबतीत तो महाग पडतो. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि शेवही उद्यापासून पुन्हा वाढू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक असावीत, ज्या औषधाने लिथियम वाढत नाही असे काही रक्तदाबासाठी देता येईल का हे विचारावे आणि मिठात जो बदल करायचा तो सावकाश, पातळी पाहत करावा. सासूबाई गुडघ्यासाठी किंवा रक्तदाबासाठी एखादा काढा घेत असतील तर तोही सांगा. गोखरू, पुनर्नवा यांना आपल्याकडे मूत्रल म्हणतात, आणि लिथियम घेणाऱ्याने लघवी वाढवणारे काहीही न विचारता घेऊ नये.

रात्रीचे उठणे आणि तहान यांविषयी एक कळकळीची विनंती आहे. अशा वेळी घरातले लोक प्रेमापोटीच म्हणतात की संध्याकाळनंतर पाणी कमी प्या, म्हणजे उठावे लागणार नाही. तसे मुळीच करू नका. लिथियममुळे मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद कमी होऊ शकते, मग पाणी न पिताही लघवी होतच राहते आणि तहान ही शरीराने मागितलेली भरपाई असते. ती नाकारली तर पाणी घटते आणि लिथियम चढते. त्यांच्या उशाशी तांब्याभांडे भरलेले असू द्या, वाटेतला दिवा चालू ठेवा आणि ही तक्रार डॉक्टरांना आकड्यांत सांगा: किती वेळा उठतात, साधारण किती पाणी पितात. अशीच लक्षणे मधुमेहातही दिसतात, म्हणून साखरही पाहून घ्यावी.

तपासण्यांकडे वळताना तुमचीही एक समजूत मला हलवायची आहे. तुम्ही लिहिता की चार वर्षांपूर्वी लिथियम नॉर्मल आले होते, म्हणून मन निर्धास्त होते. तो आकडा त्या आठवड्यापुरता खरा होता. शिवाय लिथियमची पातळी पाहणे ही निम्मीच तपासणी आहे. औषध किती आहे ते तिच्यातून कळते, औषधाने शरीराचे काय केले ते कळत नाही. त्यासाठी क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळते याचा अंदाज), सोडियम-पोटॅशियम, थायरॉइडसाठी टीएसएच, कॅल्शियम आणि वजन हे दर सहा महिन्यांनी पाहायचे असते, आणि या वयात एखादा ईसीजीही काढून ठेवावा. लिथियमची पातळी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी पाहतात, पण वय झालेल्यांसाठी आणि जोडीला रक्तदाबासारखी औषधे असणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचेच अंतर कायम ठेवणे बरे. डोस बदलला, किंवा पातळी वर-खाली करणारे औषध सुरू वा बंद झाले, की आठवड्याभराने पुन्हा पाहावी. गोळीची कंपनी किंवा प्रकार बदलला तरी विचारून घ्यावे, कारण एकीच्या जागी दुसरी दिल्याने पातळी हलू शकते.

ईजीएफआरचा एकच आकडा फारसा बोलत नाही, मागच्या आकड्यांशेजारी ठेवला की बोलू लागतो. क्रिएटिनिनच्या पुढे रिपोर्टवर ठळक खूण नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. किरकोळ अंगाच्या वृद्ध स्त्रीचे क्रिएटिनिन मर्यादेत दिसत असतानाही मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले असू शकते. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला किंवा भराभर उतरू लागला, तर मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत घ्यायला सांगावे. थायरॉइडचे निराळेच आहे. लिथियमने ते मंदावते, बायकांमध्ये अधिक, आणि मंदावलेल्या थायरॉइडचा सुस्तपणा, वाढते वजन, बद्धकोष्ठ, कशात मन न लागणे हे हुबेहूब उदासीच्या झटक्यासारखे दिसते. माझ्या भावाच्या बाबतीत आम्ही एक अख्खा हिवाळा त्याला 'पुन्हा तेच सुरू झाले' म्हणून धीर देत बसलो होतो. टीएसएच पाहिल्यावर कळले की त्याला धीरापेक्षा रोज सकाळच्या एका छोट्या गोळीची गरज होती. लिथियम तसेच चालू राहिले. कॅल्शियमही काहींमध्ये वाढते, पण ते बहुधा कोणी पाहत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून मागून घ्या.

रक्त देण्याची वेळ नीट जमली नाही तर सगळा खटाटोप वाया जातो. लिथियमचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचे असते. तुमच्याकडे गोळी रात्री दहाला घेतली जाते आणि घरी येणारा लॅबचा मुलगा उपाशीपोटीच्या साखरेसाठी सकाळी साडेसहाला बेल वाजवतो. त्याच सुईत लिथियमचेही रक्त दिले तर ते साडेआठ तासांचे होते आणि आकडा उगाच चढा येतो. तेव्हा त्याला दहाला बोलवा. लिथियमसाठी उपाशी राहावे लागत नाही. ज्यांना सकाळीही गोळी असते त्यांनी ती रक्त दिल्यानंतर घ्यावी.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. एका वर्षी भावाची पातळी २ च्या वर आली. रिपोर्ट हातात घेऊन मी थरथरत होते आणि तो मात्र समोर बसून शांतपणे पोहे खात होता, हात स्थिर, बोलणे स्वच्छ. डॉक्टरांनी कागदाआधी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, रक्त कोणत्या रंगाच्या झाकणाच्या नळीत घेतले होते? हिरव्या. हिरव्या झाकणाच्या बऱ्याच नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेले असते, म्हणजे नळीतच लिथियम! दुसऱ्या दिवशी योग्य नळीत घेतलेल्या रक्ताचा आकडा ०.७ आला. त्या लॅबमध्ये कुणी मुद्दाम केले नव्हते, पण त्या एका नळीपायी एखाद्याचे चांगले चाललेले औषध बंद झाले असते. तेव्हापासून सुई टोचण्याआधी मी हसून विचारते, ही नळी लिथियमसाठी चालते ना? तुम्हीही विचारा, कुणी रागावत नाही. रिपोर्टवर मिलिमोल लिहिले आहे की मिलिइक्विव्हॅलंट, याने घाबरू नका, लिथियमसाठी दोन्हींचा आकडा सारखाच असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, आग्रह धरू की गप्प बसू. ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात यजमानांचे म्हणणे आहे, दिरांचे आहे, मेडिकलवाल्याचेही आहे, पण सासूबाईंचे एकही वाक्य नाही. 'त्या तक्रार करत नाहीत' एवढेच आहे. ज्या स्त्रीला दोनदा तिच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवले गेले असेल, ती तक्रार कशाला करील? हात थरथरतो म्हटले की पुन्हा सगळे जण आपल्याकडे त्याच नजरेने पाहतील, हे तिला १४ वर्षे ठाऊक आहे. म्हणून तुमचा आग्रह यजमानांकडे नको आणि दिरांकडेही नको. दुपारी त्या एकट्या असताना त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनाच विचारा की थरथरीचा त्रास कधीपासून होतो, चालताना काय वाटते. त्यांच्या डोक्याविषयी एक अक्षर न बोलता सांगा की ही गोळी रक्तदाबाच्या गोळीशी भांडते असे कळले आहे आणि रक्त पाहून ठरवायचे आहे. रक्त देऊन काही सिद्ध करायचे नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपला आजार आणि उपचार समजून घेण्याचा हक्क त्यांना दिलेला आहेच, पण कायद्याच्या आधी घरातला मान येतो. ज्या बाई भजनाची वही स्वतः लिहितात त्यांना तारीख, लिथियम, ईजीएफआर, टीएसएच, कॅल्शियम आणि वजन असे सहा रकाने आखलेली वही सहज सांभाळता येईल. ती त्यांच्याच कपाटात राहू द्या, आणि पहिल्या पानावर चालू औषधांची नावे आणि उलट्या-जुलाब झाल्यास गोळी थांबवायची का व कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

जुने मानसोपचारतज्ज्ञ आता भेटत नसतील तर महाराजा यशवंतराव रुग्णालय किंवा बाणगंगा भागातले मानसिक रुग्णालय तुमच्या शहरातच आहे, आणि कुठे जावे हे विचारण्यासाठी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. रक्ताचे नमुने घेणारी सगळीच केंद्रे लिथियम मोजत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. हे वाचणाऱ्यांत लिथियम घेणाऱ्या तरुण मुली असतील तर त्यांनी बाळाचा विचार मनात येताच, गोळी स्वतःहून न सोडता, डॉक्टरांशी बोलावे. त्याची आखणी आधीपासून करावी लागते.

राहिला चातुर्मास. सासूबाईंचा नेम मोडायला मी सांगणार नाही, पण चहा हा नेमका असा पदार्थ आहे की तो एकदम सोडला तर लिथियम चढते, कारण चहा-कॉफीतले कॅफिन लिथियम बाहेर टाकायला मदत करत असते आणि ती मदत अचानक थांबते. त्यांनी यंदा दुसरे काही सोडावे, वांगे किंवा गोड चालेल. चहाच सोडायचा असेल तर तो काही आठवड्यांत एकेक कप कमी करत, डॉक्टरांना सांगून आणि पातळी पाहून सोडावा. जो काही वर्षभर घेतात तो रोज साधारण तेवढाच असावा, इतकेच लिथियमचे मागणे आहे. एकादशीला निर्जळ राहू नये. साबुदाण्याच्या खिचडीत मीठ नेहमीएवढे असावे, ताक-पाणी दिवसभर सुरू असावे, आणि आषाढीच्या आधी नवा रिपोर्ट हातात असेल तर उपासाचे त्या स्वतःच डॉक्टरांना विचारू शकतील.